चौतीस वर्षांची परतभेट

इगाराशी योशिहारूला त्सुबामे गावात एकही शत्रू नव्हता, कारण शत्रू करायलाही थोडी हिंमत लागते आणि तेवढी त्याच्याकडे कधीच नव्हती. सकाळी घरातून निघताना तो रॉकेलचा स्टोव्ह विझलाय की नाही हे तीनदा बघायचा. कोपऱ्यापर्यंत गाडी गेली की पुन्हा शंका यायची आणि तो परत फिरायचा. मग एकदाच बघितलं तर चौथी वेळ होते आणि चार हा मरणाचा आकडा, जपानीत दोन्हींचा उच्चार एकच, म्हणून दोनदा बघायचा. मित्सुए, त्याची बायको, दारात उभी राहून हा सगळा सोहळा बघायची आणि म्हणायची, घर जळालं तर मी आत असेन, मीच विझवीन, तुम्ही जा.

अशा माणसाला देवाने नोकरी मात्र नेमकी दिली. चमचे आणि काटे बनवणाऱ्या कारखान्यात तो सदतीस वर्षं माल रवानगीचं काम बघत होता. खोकी मोजायची, पुन्हा मोजायची, ट्रकमध्ये चढली की तिसऱ्यांदा मोजायची. सदतीस वर्षांत एक खोकं कमी गेलं नाही की जास्त गेलं नाही. मालक दरवर्षी वर्षअखेरच्या जेवणात हे बोलून दाखवायचे आणि इगाराशी मान खाली घालून, पुढच्या वर्षी नक्की चूक होणार, या विचाराने घामाघूम व्हायचा.

मित्सुएही याच कारखान्यात होती, बांधणी खात्यात. चौतीस वर्षांपूर्वीच्या चौदा फेब्रुवारीला तिने सगळ्या पुरुषांना वाटली तशी एक चॉकलेटची वडी त्यालाही दिली. रिवाजच तो. बायकांनी चौदा फेब्रुवारीला चॉकलेट द्यायचं, घेणाऱ्या पुरुषाने बरोबर महिन्याने, चौदा मार्चला, परतभेट द्यायची. पण इगाराशीच्या वडीवर लाल कागद होता आणि बाकीच्यांच्या वड्यांवर तपकिरी. त्याला रात्रभर झोप लागली नाही. चुकून आली असेल, उद्या परत मागेल, असं त्याला वाटत राहिलं. महिनाभर तो तिच्या खात्याच्या बाजूने जाणंच टाळत होता. शेवटी चौदा मार्चला त्याने स्टेशनजवळच्या छोट्या मिठाईच्या दुकानातून मार्शमॅलोचं एक खोकं घेतलं, पांढरे, मऊ, तोंडात टाकले की विरघळणारे. त्या काळी परतभेट म्हणजे बहुतेक मार्शमॅलोच. खोकं त्याने तिच्या टेबलावर ठेवलं आणि पळून गेला. अक्षरशः पळाला, त्याचा एक बूटही निसटला. त्यावर गावात अजून हसतात. पण पुढच्या शरद ऋतूत त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर मित्सुएने नोकरी सोडली आणि परतभेटीचं खातं आपल्या हातात घेतलं. दर चौदा फेब्रुवारीला इगाराशी कारखान्यातली सात-आठ रिवाजाची चॉकलेटं पिशवीतून घरी आणायचा, मित्सुए कुणी काय दिलं ते विचारून घ्यायची, चॉकलेटं स्वतः खायची, आणि तेरा मार्चच्या संध्याकाळी नावांच्या चिठ्ठ्या लावलेली छोटी पुडकी एका पिशवीत भरून दारापाशी ठेवायची. इगाराशी ती पिशवी न्यायचा आणि वाटायचा. आत काय असतं हे त्याने कधी उघडून बघितलं नाही. कारखान्यातल्या बायका त्याची परतभेट फार सुरेख असते असं म्हणायच्या आणि तो खूश व्हायचा. चौदा फेब्रुवारीला रात्रीच्या जेवणाच्या ताटाशी लाल कागदातली एक वडीही असायची. तो अर्धी खायचा. उरलेली अर्धी ती खायची.

मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

या वर्षी जानेवारीत दारासमोरचा बर्फ उपसताना मित्सुए फावड्यावर ओणवी होऊन उभी राहिली ती बराच वेळ सरळच होईना. हृदयाची झडप खराब झाली आहे, असं निघालं. निइगाताच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तारीख दिली, चौदा मार्च. त्यांनी धीर दिला की शंभरातले सत्त्याण्णव बरे होऊन घरी जातात. मोजणाऱ्या माणसाला असं काही सांगू नये. इगाराशीला त्या दिवसापासून फक्त तिघंच दिसू लागले. तीन माणसं, तीन खोकी, ट्रकमध्ये न चढलेली.

तारखेतला चार त्याला छळत होता. एका रविवारी तो याहिकोच्या देवळात गेला. बाकी सगळीकडे देवापुढे दोनदा टाळ्या वाजवतात, याहिकोला चारदा. पिढ्यान्‌पिढ्या लोक इथे चारदा टाळ्या वाजवत आले आणि त्याने कुणी मेलं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. परतीच्या वाटेवर मात्र ती समजूत उतरली.

बारा मार्चला मित्सुएने त्याला इस्पितळातल्या खाटेशेजारी बसवलं आणि कागद-पेन्सिल काढायला लावली. या वर्षी पिशवी भरायला ती नव्हती.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "नाहीतर दुकानात जाऊन खांबासारखे उभे राहाल. कोयानागीबाईंना गोड नको, त्यांना साखर आहे. तांदळाच्या खारट चकत्या द्या. ओताकीला बिस्किटं. पोर तरुण आहे, तिला दुसरं काही देऊ नका, उगाच अर्थ लावतील."

"कसला अर्थ?"

"तुम्हाला नाही कळायचं. बिस्किटं लिहा."

सात नावं झाली. त्याने सवयीप्रमाणे ती मोठ्याने वाचली, बोटांवर मोजली. सात.

"झालं?" मित्सुएने विचारलं.

"झालं. सात आहेत."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "बरं."

तेरा तारखेला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वाटप उरकायचं असं त्याने ठरवलं. सकाळी सकाळी शेजारच्या सान्जो गावातल्या मोठ्या दुकानात जाऊन त्याने यादीबरहुकूम सात पुडकी बांधून घेतली. बांधणाऱ्या मुलीने शेवटच्या पुडक्याला फीत लावता लावता सहज विचारलं, घरी द्यायला वेगळं काही हवंय का.

इगाराशी तिथेच गारठला. मित्सुएने विचारलं होतं, झालं? आणि तो म्हणाला होता, झालं, सात. लाल कागदातली वडी. याही वर्षी, पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागत असताना, तिने ती आणून ताटाशी ठेवली होती. पहिली धरून पस्तीस वड्या, आणि त्याने परत दिलं होतं ते पहिल्या वर्षीचं एक खोकं. बाकीची तेहतीस वर्षं गावभरच्या बायकांच्या परतभेटी ती आपल्या हाताने बांधत होती आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी तिने कधी लिहिली नव्हती. ती कशी लिहील? ते त्याचं काम होतं. आणि उद्या ती त्या तिघांतली निघाली तर हे काम कायमचं राहून जाणार होतं.

त्याला आता एकच गोष्ट सुचत होती. मार्शमॅलो. एकदा त्याने ते दिले होते आणि तिने लग्न केलं होतं. त्या मोठ्या दुकानात ते नव्हतेच. मुलगी जरा चमकली आणि म्हणाली, या दिवसांत आम्ही ठेवत नाही. तो का, हे विचारायला थांबला नाही. गाडी काढून तो त्सुबामेच्या स्टेशनजवळ आला. ते जुनं दुकान अजून होतं, म्हातारीही होती, आणि मागच्या फळीवर पांढऱ्या कागदाचं एक खोकं होतं. बारा नग. त्याने चिठ्ठी लिहिली, "मित्सुएला. उशीर झाला, माफ कर." चिठ्ठी लिहायला त्याला इतका वेळ लागला की म्हातारीने त्याला बसायला खुर्ची दिली.

इस्पितळात पोचला तेव्हा मित्सुएला कुठल्याशा तपासणीला नेलं होतं. त्याच्या मनावरचं ओझंच उतरलं. समोर द्यायचं म्हणजे काय बोलायचं? त्याने खोकं तिच्या उशाशी ठेवलं आणि निघाला. या वेळी बूट मात्र पायातच होते.

दुपारच्या सुट्टीत कारखान्यात वाटप झालं. त्याने सगळ्यांसमोर नीट वाकून, एक दिवस आधी देतोय, माफ करा, असं म्हणत एकेक पुडकं दिलं. बायकांनी मित्सुएची चौकशी केली. कोयानागीबाई त्या सगळ्यांत जुन्या, एके काळी मित्सुएच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या. त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "आणि मित्सुएला काय दिलंत हो, इगाराशीसान? की तिच्याच हातून तिचीही भेट बांधून घेतलीत?"

सगळ्या हसल्या. इगाराशी लाजत लाजत म्हणाला, मार्शमॅलो.

हसू थांबलं. ओताकी, सर्वांत लहान, तिच्या तोंडून निसटलंच. "अहो, मार्शमॅलो म्हणजे तू मला आवडत नाहीस, असं असतं ना?"

कोयानागीबाईंनी तिला कोपर मारलं, पण उशीर झाला होता. मग जे सावरासावरीचं बोलणं झालं त्याने इगाराशीला सगळंच कळलं. आता असं मानतात की कँडी म्हणजे आवडतेस, बिस्किट म्हणजे मैत्री, आणि मार्शमॅलो म्हणजे तुझं दिलेलं मला नको, तोंडात टाकलं की काही उरत नाही तसं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी सगळे तेच द्यायचे. अर्थ नंतर कुणी तरी चिकटवला, आणि चिकटला.

"पोरींचे खेळ आहेत," कोयानागीबाई म्हणाल्या. "मनावर घेऊ नका." पण त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि त्यानेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आजाऱ्याला कुंडीतलं रोप कुणी नेत नाही, ते मूळ धरतं आणि माणूस खाटेला खिळतो म्हणून. लोक इस्पितळाच्या दारात फूलवाल्याला दहादा विचारून घेतात. आणि हा शहाणा, छाती उघडायच्या आदल्या दिवशी, बायकोच्या उशाशी नावडतीपणाचं खोकं ठेवून आला होता. वर चिठ्ठी, उशीर झाला. इगाराशी अर्धी रजा टाकून निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत हिवाळाभर राजहंस उतरलेले असत. आज एकही नव्हता, सगळे उत्तरेला गेले होते. दर मार्चला जातात. पण आजच का, असं त्याच्या मनात आलं.

तो खोलीत शिरला तेव्हा मित्सुए भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खोकं उशाशी नव्हतं. त्याने खाटेशेजारच्या कपाटाचा खण ओढला. तिथे होतं, चिठ्ठी वर नीट घडी घालून ठेवलेली. त्याने खोकं आणि चिठ्ठी कोटाच्या आत घातली आणि खण बंद केला. खण जरा कुरकुरला. मित्सुए हलली नाही. तिच्या खांद्याची हाडं गाऊनमधून दिसत होती. त्याला तिला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली असती तर कोटाच्या आत काय आहे ते सांगावं लागलं असतं. तो चवड्यांवर बाहेर गेला. संध्याकाळी रीतसर भेटायला आला तेव्हा दोघं हवापाण्याचं बोलली. तिने खोक्याचं नाव काढलं नाही. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की तिने ते पाहिलंच नव्हतं, नर्सनेच खणात ठेवलं असणार, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

चौदा तारखेला सकाळी नऊला तिला आत नेलं. जाताना तिने त्याचा हात धरला आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, काही विचारायचं असावं तसं. मग दार बंद झालं.

थांबायच्या खोलीत तो एकटाच होता. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात चहाचं यंत्र. कोटाच्या आत खोकं अजून होतं, कारण ते टाकायचं कुठे हेच त्याला कळलं नव्हतं. इस्पितळाच्या कचऱ्यात टाकलं तर नावड इस्पितळातच राहते. घरी नेलं तर घरात येते. दहा वाजता त्याने ते उघडलं आणि सवयीने मोजलं.

अकरा.

त्याने पुन्हा मोजलं. खालचा कागद उचलून बघितला, कोपरे चाचपले. सदतीस वर्षं एक खोकं कमी गेलं नव्हतं. म्हातारीने त्याच्यासमोर बारा मोजून दाखवले होते. म्हणजे एक मित्सुएच्या पोटात गेला होता. तिने तो हातात घेतला, चिठ्ठी वाचली, आणि खाल्ला. आणि आता ती आत होती, छाती उघडी टाकून, आणि तिच्या आत त्याने दिलेली ती नावड होती. इगाराशीची पाचावर धारण बसली. उठून दार ठोठावावं आणि थांबा म्हणावं, असं त्याला खरोखर वाटलं. काय सांगणार होता? माझ्या बायकोने मार्शमॅलो खाल्लाय, थांबा?

शेवटी त्याने जे केलं ते भित्र्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतं. उरलेले तिच्या वाट्याला येऊ नयेत, जगात कुठे राहूच नयेत, म्हणून त्याने ते खायला घेतले. दुसरा खाल्ला तेव्हाच मळमळू लागलं, त्याला गोड कधी सोसत नसे. अर्ध्या तासाला एक असे तो गिळत गेला. मध्ये एकदा नर्स धावत गेली, तिच्या मागून दुसरी, आणि त्याला वाटलं आपल्यासाठीच. ती दुसऱ्या कुणासाठी होती. प्रत्येक घासाला तो मनात म्हणत होता, हे मला, तिला नाही. अकरावा संपला तेव्हा सव्वातीन वाजले होते. साडेतीनला डॉक्टर आले, टोपी काढली आणि म्हणाले की सगळं ठीक झालं. इगाराशी त्यांना वाकून नमस्कार करायला गेला आणि तसाच खालच्या खाली बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पंधरा मिनिटं आत सोडलं. मित्सुएच्या नाकात नळी होती, हाताला सुया होत्या, चेहरा कागदासारखा होता. पण डोळे उघडे होते. बोलताना आवाज घोगरा निघत होता, तरी पहिलं वाक्य तिने तयारच ठेवलं होतं.

"अहो. बाकीचे कुठे आहेत?"

"कोण बाकीचे?"

"खोक्यातले. चोरासारखे आलात आणि कोटात घालून गेलात ते. मी जागी होते."

इगाराशीने मग सगळं सांगितलं. दुकान, ओताकी, कोयानागीबाईंनी वळवलेलं तोंड, गेलेले राजहंस. सांगता सांगता तो रडू लागला. त्याने शपथेवर सांगितलं की मार्शमॅलोचा असा वाईट अर्थ असतो हे त्याला माहीत नव्हतं.

"मला माहीत होतं," मित्सुए म्हणाली. "वीस वर्षं तुमच्या पिशवीत मार्शमॅलो जाऊ नये म्हणून कोण जपत होतं?"

"मग खाल्लास कशाला?"

"बाकीच्यांचा अर्थ बाकीच्यांना. हा आपला होता." ती थांबली, श्वास घेतला. "एकच खाल्ला. म्हटलं, उरलेले शुद्धीवर आले की खाईन. तेवढ्यासाठी तरी यायला हवं. आणि तुम्ही ते उचलून नेलेत. ऑपरेशनची नाही हो वाटली एवढी भीती. दिलेलं परत का नेलं, हेच रात्रभर घोळत होतं."

भीती ही आपलीच मालमत्ता आहे, असं तो आयुष्यभर समजत आला होता. त्याने ती ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिच्या उशाशी ठेवली होती आणि स्वतः घरी जाऊन झोपला होता.

"कुठे आहेत ते?" तिने पुन्हा विचारलं.

"खाल्ले."

"अकराच्या अकरा?"

"अकरा."

मित्सुए हसायला लागली. हसताना टाके दुखले, तिने छातीवर हात दाबला, यंत्रावरचा आकडा चढला आणि नर्सने वळून बघितलं. इगाराशी घाबरून अर्धा उठला. तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"उद्या दुसरं खोकं आणा," ती म्हणाली. "इतक्यात खाऊ देणार नाहीत, पण बघत तरी बसेन. आणि उशाशी ठेवून पळायचं नाही. माझ्या हातात द्यायचं. मी जागी असेन."